गुरुवारची इंग्रजी गाणी

माझ्या धाकट्या दिरांची मुलगी नर्स आहे. आयर्लंडमधल्या एका इस्पितळासाठी तिची मोबाईलवर मुलाखत झाली, तेव्हा पलीकडच्या बाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, की तुमचा आवाज येत नाही, माईक बंद आहे का? माईक चालू होता. प्रश्न तिला कळत होते, उत्तरंही माहीत होती. तोंड मात्र उघडत नव्हतं. शेवटी त्या बाईंनी नेटवर्कबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि मुलाखत संपवली. आमच्या भागातल्या नेटवर्कवर आजवर बरेच आळ आले आहेत, पण हा खोटा होता.

नोकऱ्या लावून देणाऱ्या एजन्सीनं सांगितलं, की दिवाळीनंतर आणखी एक संधी मिळेल, त्यानंतर नाही. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या दिरांनी, त्यावर आपलं मत दिलं. ते ऊस लावतात, कमी बोलतात आणि बोलले की समोरच्याला उत्तर सुचत नाही.

"वहिनी, हिच्या तोंडातून घरात शब्द निघत न्हाई, आन् निघाली परदेशी. एकदा बघू अजून. न्हाई झालं तर हितली नोकरी काय वाईट हाय?"

इथली नोकरी वाईट नव्हती. ती कंत्राटी होती, दर अकरा महिन्यांनी संपायची आणि दर अकरा महिन्यांनी पुन्हा मागावी लागायची. पुतणी नवजात बाळांच्या विभागात काम करायची. तिथं तिचा हात चांगला होता, असं तिच्याबरोबरच्या मुली सांगत. तिला तेच काम करायचं होतं, फक्त कायमचं, आणि ते कसं करतात हे जरा मोठ्या ठिकाणी बघायचं होतं. एवढी साधी इच्छा एका उघडत नसलेल्या तोंडापाशी येऊन अडली होती.

तिचं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं होतं. पेशंटच्या नोंदी ती इंग्रजीत लिहायची. पण डॉक्टर पेशंटशी मराठीत बोलतात, औषधं विकायला येणाऱ्यांशी हिंदीत आणि एकमेकांशी इंग्रजीत. या व्यवस्थेत नर्सच्या वाट्याला इंग्रजी ऐकून घ्यायची भाषा म्हणून येते.

आधी ती क्लासला गेली. कोल्हारच्या चौकात त्या क्लासचा फ्लेक्स होता. भर उन्हाळ्यात कोट घातलेले सर, हाताची घडी, खाली 'इंग्रजीचे शिल्पकार'. पहिल्या आठवड्यात दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांनी सरांना शाल-श्रीफळ दिलं. दुसऱ्या आठवड्यात सरांनी पाहुण्यांना दिलं. मधल्या वेळात मुलांनी भाषणं पाठ केली. महिन्याभरानं पुतणीला व्यासपीठावरील मान्यवरांचे इंग्रजीत आभार मानता येऊ लागले. नवजात बाळांच्या विभागात मान्यवर फारसे नसतात, म्हणून तिनं क्लास सोडला.

मी कोल्हारपासून थोड्या अंतरावरच्या आमच्या गावात सार्वजनिक वाचनालय सांभाळते. तिला दुपारची सुट्टी असली, की ती तिथं येऊन वर्तमानपत्रांच्या स्टँडकडे तोंड करून बसायची आणि स्वतःची ओळख पुटपुटायची. मला मदत करता येण्यासारखी नव्हती. मी इंग्रजी वाचते, बोलत नाही. माझे उच्चार पुस्तकांतून आलेले आहेत आणि पुस्तकं गप्प असतात.

एके दिवशी ती कानात वायरी घालून रजिस्टरांवरची धूळ झटकत होती आणि इंग्रजी गाणं म्हणत होती. चांगल्या खणखणीत आवाजात, अख्ख्या ओळी. मी तिच्या एका कानातली वायर काढली.

"हे काय?"

"गाणंय काकू."

"इंग्रजीच आहे ना?"

"ते वेगळं. ते माझं बोलणं नाही. दुसऱ्याचंय. चुकलं तर त्याचं चुकलं."

मला हे तर्कशास्त्र पटलं. म्हणूनच तिला गुरुवारी भजनाला यायला सांगितलं.

आमच्या महिला भजनी मंडळात मी पेटी वाजवते. भक्तीबद्दल मला खात्रीनं काही सांगता येणार नाही, पण गावात बायकांमध्ये दुसऱ्या कुणाला पेटी येत नाही, हे मी खात्रीनं सांगू शकते. गुरुवारी दुपारचं काम आवरल्यावर आणि संध्याकाळच्या धारा काढायच्या आधी जो वेळ उरतो, त्यात देवीच्या सभामंडपात भजन होतं. पद्धत सोपी आहे. पुढची बाई ओळ म्हणते आणि थांबते. मागच्या तिच्या ओळीचा शेवटचा तुकडा उचलतात. मग पुढची ओळ. निम्म्या जणींना वाचता येत नाही, पण गाणी सगळ्यांना पाठ आहेत, कारण गाणं असं तुकड्यातुकड्यानं एकीच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात जातं.

पुढं म्हणणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत आणि त्यांचा एक नियम आहे. मागं कधीतरी तालुक्याला भजन स्पर्धा झाली. दुसऱ्या एका मंडळानं सिनेमाच्या चालींवर अभंग बसवले आणि पहिला नंबर काढला. चषक एवढा मोठा होता, की तो घ्यायला दोघी जणी लागल्या. अक्कांना नंबराचं काही वाटलं नाही. त्यांनी त्या बायकांना फक्त एका ओळीचा अर्थ विचारला आणि कुणालाच तो सांगता आला नाही. तेव्हापासून आमच्याकडं अर्थ कळल्याशिवाय ओळ तोंडात घ्यायची नाही, असं ठरलं आहे. अक्का आधी विचारतात, सगळ्या जणी मान डोलावतात, मग टाळ वाजतो.

मी भजन संपल्यावर विषय काढला.

"इंग्रजी?" अक्का म्हणाल्या. "देवाचं हाय का?"

"न्हाई," पुतणी म्हणाली.

"मंग कशाचं हाय?"

"एक बाई वाट बघती. तो संध्याकाळी येतो म्हनला हुता, आलाच न्हाई."

अक्कांनी विचार केला. "मंग चालंल. आपल्या निम्म्या गवळणी त्याच हायेत. पर देवीसमोर नको. पायरीवर बसू."

असं इंग्रजी पायरीवर सुरू झालं. आरती झाली, प्रसाद वाटला, की चपला घालून आम्ही बाहेर पायरीवर यायचो. पेटी मी मांडीवर घ्यायचे. पुतणी ओळ म्हणायची, पण त्याआधी तिला अर्थ सांगावा लागायचा, आणि अर्थ सांगणं ही किती अवघड गोष्ट आहे हे तिला पहिल्या दिवशीच कळलं. तिला वाटत होतं, की ते गाणं तिला येतं. तिला त्याची चाल येत होती.

"आय हॅव बीन वेटिंग," ती म्हणाली. "म्हणजे मघापासून वाट बघतीये, आणि अजून बघतीच आहे."

"किती येळ?" ढोलकी वाजवणाऱ्या बाईंनी विचारलं. त्या हॉस्पिटलच्या मुलींना डबे पुरवतात आणि त्यांच्या बोलण्यात नेहमी घाई असते.

"ते गाण्यात नाही."

"मंग तुला कसं म्हाईत, अजून बघतीये का उठून गेली?"

"त्या शब्दांतच आहे ते. उठून गेली असती, तर दुसरे शब्द आले असते."

"बरं," अक्का म्हणाल्या, "बसलेली हाय. म्हन."

तिनं म्हटलं. मागच्यांनी उचललं. आयुष्यात कधी इंग्रजीचं अक्षर न वाचलेल्या बायका एका सुरात 'बीन वेटिंग' म्हणाल्या आणि समोरच्या दुकानदारानं वजन करता करता तराजू खाली ठेवला.

मला या प्रकाराबद्दल शंका होत्या. इंग्रजी गाण्यांत व्याकरणाची अवस्था फार बरी नसते. क्रियापदं गाळलेली असतात, एकाच वाक्यात दोनदा नकार येतो, जिथं 'डझन्ट' हवं तिथं गायक बिनधास्त 'डोन्ट' म्हणतो. मी पुतणीला हे सांगितलं. ती म्हणाली, "काकू, तिकडचे पेशंट तरी कुठं पुस्तकातलं बोलणारेत?" त्यावर मी पेटीचा भाता ओढला.

पण एक गोष्ट मला मान्य करावी लागली. ती गाणी बहुतेक पश्चात्तापाची होती आणि पश्चात्तापाला 'असं झालं असतं, तर तसं झालं असतं' हे वाक्य लागतंच. हे वाक्य इंग्रजीत कसं करायचं, ते क्लासमध्ये सरांनी फळ्यावर सूत्र म्हणून लिहून दिलं होतं. पायरीवर ते गाण्यातल्या एका माणसाच्या तोंडून आलं, ज्याची बायको निघून गेली होती आणि जो आता मला माहीत असतं तर, मला माहीत असतं तर, असं म्हणत होता.

"आता म्हाईत असून काय उपेग," अक्का म्हणाल्या. "म्हन."

ते गाणं झाल्यावर ढोलकीवाल्या बाई म्हणाल्या, "माझं पन एक कर. माझ्या बापानं मला सातवीच्या पुढं शिकवलं असतं, तर मी आज या पायरीवर नसते. हे इंग्रजीत सांग."

पुतणी थांबली. हे कुठल्या गाण्यात नव्हतं. तिनं मनात जुळवलं, एकदा चुकली, पुन्हा जुळवलं आणि वाक्य म्हटलं. मागच्यांनी उचललं.

"आन् मंग तुमची ढोलकी कोनी वाजवली असती?" त्या बाईंनीच विचारलं. "ते पन कर."

तेही तिनं केलं. मग सगळ्यांची रांग लागली. एकीला विहिरीला पाणी लागलं असतं तर काय झालं असतं ते हवं होतं, एकीला सून जरा लवकर उठली असती तर. सून समोरच बसली होती. ती म्हणाली, "माझं बी कर मंग. सासूला मोबाईल घेऊन दिला नसता तर." गाणी मागं राहिली आणि पुतणी, जी महिन्यापूर्वी वर्तमानपत्रांच्या स्टँडशी पुटपुटत होती, ती गावातल्या बायकांची गाऱ्हाणी इंग्रजीत मांडू लागली. चुकतमाकत, पण मोठ्यानं. मोठ्यानं बोलणं भाग होतं, कारण कारखाना सुरू झाला होता आणि रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते. प्रत्येक ट्रॅक्टरवर लग्नातल्यासारखे स्पीकर होते. ट्रॅक्टर गेला, की आम्ही तुटलेली ओळ पुन्हा धरायचो.

पुढं तिला एक सवय लागली. अर्धं वाक्य म्हणायचं आणि थांबायचं, दुसऱ्यांनी उचलेपर्यंत. घरीसुद्धा ती "आई, उद्या मला लवकर..." म्हणून थांबायची आणि माझ्या जावेला वाटायचं, पोरीला काहीतरी होतंय. आम्हाला त्याची गंमत वाटली. त्या सवयीचा पुढं काही त्रास होईल, असं एकीच्याही मनात आलं नाही.

मुलाखत वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी ठेवली, कारण गावात नेट तिथंच नीट चालतं. टेबलावर मोबाईल उभा करायला मी शब्दकोश एकमेकांवर रचून दिले. आमच्या वाचनालयात शब्दकोशांचा इतका थेट उपयोग झालेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

बायका आल्या होत्याच. ठेवणीतली लुगडी, साड्या. मी त्यांना खिडकीबाहेरच्या ओट्यावर बसवलं आणि तंबी दिली.

"आमी काय लहान हाय का?" अक्का म्हणाल्या. "तोंड उघडत न्हाई. नुसतं बसतो."

दीरही आले होते. ते रस्त्याच्या कडेला मोटारसायकलला टेकून उभे होते, जणू दुसऱ्याच कुणाची वाट बघत आहेत.

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसले. मोबाईलमध्ये एक पांढऱ्या केसांच्या बाई आणि एक गृहस्थ दिसत होते. बाईंनी नमस्कार-चमत्कार केले आणि तिच्या कामाबद्दल सांगायला सांगितलं. पुतणीनं श्वास घेतला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, की मी नवजात बाळांच्या विभागात तीन वर्षं काम करते आहे.

आणि थांबली. दर गुरुवारी थांबायची, तशी.

ओट्यावरून अक्कांनी ओळ उचलली. "फॉर थ्री इयर्स." अक्कांनी उचलली म्हटल्यावर मागच्या सगळ्यांनी उचलली. "फॉर थ्री इयर्स." हळू आवाजात, पण ठेक्यात.

मोबाईलमधल्या बाईंचा चेहरा बदलला. तुमच्याबरोबर खोलीत कोण आहे, असं त्यांनी विचारलं. आवाज आता मघासारखा मऊ नव्हता. असे उमेदवार त्यांनी पाहिले असणार, ज्यांच्या मागं कुणीतरी बसून उत्तरं सांगतं. कॅमेरा सगळीकडं फिरवून दाखवा, त्या म्हणाल्या.

पुतणीनं मोबाईल उचलून फिरवला. कपाटं दिसली. मी दिसले. मी उठून हात जोडले, चोरी पकडल्यावर जोडतात तसे. मग खिडकी दिसली आणि खिडकीच्या गजांपलीकडं पदर तोंडाशी धरलेल्या सगळ्या बायका.

मोबाईल परत शब्दकोशांवर आला. मला वाटलं, झालं, आता पुन्हा तेच होणार, ही गप्प बसणार आणि त्या नेटवर्कला दोष देणार. हे बोलायचं कसं, ते तिनं कुठंच पाठ केलेलं नव्हतं.

ती बोलली. ती म्हणाली, "या माझ्याबरोबर गाणाऱ्या बायका आहेत. आम्ही दर गुरुवारी देवीची गाणी म्हणतो आणि मग इंग्रजी. मी ओळ म्हणते, त्या मागून म्हणतात. त्यांना इंग्रजी येत नाही, त्यांना गाणी येतात. मी थांबले, म्हणून त्यांना वाटलं, आता आपली पाळी. चूक माझी आहे, त्यांची नाही." हे सगळं इंग्रजीत. एका ठिकाणी काळ चुकला आणि 'ॲक्च्युअली' गरजेपेक्षा बऱ्याच जास्त वेळा आलं. पण ती कुठं थांबली नाही.

बाईंनी विचारलं, "त्या काय म्हणतात ते त्यांना कळतं का?"

"कळल्याशिवाय त्या म्हणत नाहीत," पुतणी म्हणाली. "तसा नियम आहे. मला आधी सांगावं लागतं."

इथं त्या बाई हसल्या असत्या, तर सांगायला बरं झालं असतं. त्या हसल्या नाहीत. बायकांना कृपया लांब जायला सांगा, एवढंच म्हणाल्या. मी बाहेर जाऊन सांगितलं. सगळ्या जणी उठल्या आणि कडुनिंबाच्या पारावर जाऊन बसल्या. दिरांनी उगाच मोटारसायकल थोडी पुढं सरकवली.

मी परत आले, तेव्हा बाई विचारत होत्या, की बाळाला घरी नेणाऱ्या आईला औषध कसं द्यायचं ते तुम्ही सांगितलं, पण तिला तुमची भाषा नीट समजत नाही, तर काय कराल? पुतणी म्हणाली, "मी अर्धं सांगीन आणि थांबेन. उरलेलं तिनं सांगितलं, तर पुढं जाईन. नाही सांगितलं, तर पुन्हा पहिल्यापासून." बाईंनी खाली बघून काहीतरी लिहिलं. मग आणखी प्रश्न झाले, आणि उत्तरं झाली.

ती बाहेर आली, तेव्हा अक्का पारावरून उठल्या नाहीत.

"आमच्यामुळं गेलं का गं?"

"माहीत न्हाई, अक्का."

"मी मुद्दाम न्हाई म्हनले. तू थांबलीस, का जीभच उचलती."

"मी फकस्त 'इयर्स' म्हनले," ढोलकीवाल्या बाई म्हणाल्या.

दिरांनी मला बाजूला घेतलं. "वहिनी, बोलली का ती?"

"बोलली."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

"आमाला तर निस्ता बायांचाच आवाज आला," ते म्हणाले आणि गाडीला किक मारली.

त्यानंतरच्या गुरुवारी भजन झालं, पण आरतीनंतर कुणी पायरीवर बसलं नाही. अक्कांनी टाळ लवकर गुंडाळले. पुढच्या गुरुवारीही तसंच. तिसऱ्या गुरुवारच्या आधी पुतणीचा ड्यूटीवरून फोन आला. मेल आला होता. तिला घेतलं होतं. अजून लेखी परीक्षा होती, कागदपत्रं होती, व्हिसा होता. उन्हाळा संपेपर्यंत जाणं व्हायचं नव्हतं, पण ती जागा तिच्या नावानं ठेवली होती. हे तिनं मला मराठीत सांगितलं, एका दमात, मधे कुठंही न थांबता.

गुरुवारी पायरीवर पुन्हा गाणं झालं. अक्कांनी ती परीक्षा कशाची, हे नीट समजून घेतलं. लेखी आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "त्यात आमचा काय उपेग न्हाई," आणि जरा वेळानं, "तरी येत जा."

कोल्हारच्या चौकात नवा फ्लेक्स लागला. कोटातले सर तेच, शेजारी आमच्या पुतणीचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो, खाली 'आमच्या क्लासचा मानाचा तुरा'. फोटो त्यांना कुणी दिला, ते कळलं नाही. पुतणी म्हणाली, "राहू दे काकू, आभार मानायला त्यांनीच शिकवलं मला."

दिरांनी तो फ्लेक्स बघितला. ते तसेच श्रीरामपूरला गेले आणि एक भलीमोठी, चाकांची, निळी बॅग घेऊन आले. ती एसटीतून आणताना कंडक्टरशी त्यांचं भांडणही झालं म्हणे. मी घरी गेले, तेव्हा बॅग पडवीत, अगदी येण्याजाण्याच्या वाटेत उभी होती.

"भाऊजी, जायला अजून किती महिने आहेत," मी म्हटलं. "इतक्यात कशाला आणली?"

"ती जानार, हे आमाला कळाया नको का?" ते म्हणाले. "रोज दिसली म्हंजी व्हईल सवय."

बॅग अजून तिथंच आहे. धारा काढून दुधाची किटली घेऊन येणारा प्रत्येक जण तिला अडखळतो, काहीतरी पुटपुटतो आणि वळसा घालून आत जातो.